डॉक्टर आर्थर कॉम्प्टन

देवाची सेवा केवळ उपदेशानेच घडते, असे आपणांपैकी कित्येकांस वाटते. अशांकरिता आम्ही हे अल्प चरित्र देत आहो.

आर्थर कॉम्प्टन यांचा जन्म 10 सप्टेंबर 1892 रोजी अमेरिकेतील वूस्टर गावी झाला. वडील प्रेस्बिटेरियन पाळक असून तेथील कॉलेजात अध्यापक होते. तरुणपणी आर्थर यांच्या मनात मिशनरी व्हावे असे होते. परंतु शास्त्राच्या द्वारेही प्रभूची मोठी सेवा घडेल, असा बोध वडिलांनी त्यांस केला. त्यांची बहीण मेरी हिचे यजमान मात्र मिशनरी होऊन पुढे लाहोर येथील फोर्मन ख्रिस्ती कॉलेजाचे प्राचार्य झाले. आर्थर हेही 1926-27 साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात येऊन राहिले. क्ष-किरणांविषयीच्या शोधाबद्दल त्यांस 1927 साली विल्सन यांजबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे महायुद्धात शिकागो येथील मोठे कार्य त्यांजकडे आले. युरेनियम धातूच्या अणूचे केंद्र फुटले म्हणजे न्यूट्रॉन नावाचे कण बाहेर पडतात, व ते दुसरी केंद्रे फोडितात. फर्मी नामक शास्त्रज्ञाने कॉम्प्टन यांच्या देखरेखीखाली युरेनियम व ग्राफाइट यांचे 57 थर रचिले, आणि 2 डिसेंबर 1942 रोजी ही साखळी प्रथमच माणसाच्या हातून चालू झाली. युरेनियमाच्या 238 या जातीने न्यूट्रॉन गिळला म्हणजे कालांतराने त्याचे प्लुटोनियम बनते. हे इंधन हॅनफर्ड येथील मोठ्या अणुभट्ट्यांत तयार होऊ लागले.

त्याच प्लुटोनियमाचा बाँब 9 ऑगस्ट 1945 रोजी नागासाकीवर पडला. हजारो जीव गेले. उराकामी येथील ख्रिस्ती मंदिरही जमीनदोस्त झाले. बाँब वापरण्यावाचून अन्य उपाय दिसत नाही, असा सल्ला त्याच वर्षी जूनमध्ये सरकारास देणाऱ्या चार शास्त्रज्ञांत कॉम्प्टन हे एक होते. युद्ध लवकर थांबेल, असे त्यांस वाटले. पुढे 1953 पर्यंत ते सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रमुख होते. 15 मार्च 1962 रोजी ते मरण पावले.

त्यांचा न्याय करणे आमचे काम नव्हे. तो प्रभूच करील. परंतु देवभीरू घरात वाढलेल्या सज्जनासही केवढा भार उचलावा लागला, हे ध्यानात असावे. ज्या शक्तीने नगर जळाले, तिनेच आज घरोघरी दिवेही लागतात. यास्तव, उपदेशक बंधूंनो, मंडळीतील मुलांस शाळेत अवश्य पाठवा. पण विद्या ही आपली मालमत्ता नसून धन्याची ठेव आहे, व तिचा हिशेब द्यावयाचा आहे, हेही त्यांस शिकवा.