कुंड्या धुणारा मुलगा

पर्सी थ्रोअर यांचा जन्म १९१३ साली इंग्लंडमध्ये झाला. वडील एका मोठ्या वाड्याच्या बागेचे मुख्य माळी. आपणही तसेच व्हावे, एवढीच मुलाची इच्छा! चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि वडिलांच्याच हाताखाली उमेदवारी सुरू झाली. काम काय, तर कुंड्या धुणे आणि तळाशी घालावयाच्या खापऱ्या फोडणे. चार वर्षांनी, १९३१ साली, विंडसरच्या राजवाड्यातील बागेत ते कामास लागले. तेथील मुख्य माळ्याची कन्या कॉनी पुढे त्यांची सहधर्मचारिणी झाली.

१९४६ साली ते श्रूजबरी शहराचे उद्यानप्रमुख झाले. ही नोकरी सांभाळूनच ते नभोवाणीवर व दूरचित्रवाणीवर बोलू लागले. त्या वेळी पडद्यावर रंग नव्हते. फुलाचा रंग शब्दांनीच दाखवावा लागे. थ्रोअर कोट काढून ठेवीत आणि बोलता बोलता रोप लावून दाखवीत. लोकांना तो आपल्या घरचाच माळी वाटे.

१९७६ साली एका कंपनीच्या जाहिरातीचा करार केल्यामुळे बीबीसीवरील बागकामाचा मुख्य कार्यक्रम त्यांच्या हातून गेला. मुलांच्या कार्यक्रमासाठी १९७४ साली लावलेली बाग मात्र त्यांनी सोडली नाही. १९८३ साली कोणी रात्री शिरून तिची नासधूस केली. सत्तरीच्या माळ्याला ते फार लागले. पण बाग पुन्हा उभी राहिली.

१९८८ साली ते निवर्तले. भगिनींनो, आपल्या तुळशीच्या कुंडीत तळाशी खापरी घालताना या कष्टाळू माळ्याची आठवण ठेवू या.