विल्यम केरी आणि झाडांची ओळख

आमच्या जालना जिल्ह्यांत बाभूळ आणि हिवर हे दोन कांटेरी वृक्ष शेताच्या बांधावर कित्येकदां शेजारीं शेजारीं उभे असतात. दोहोंचीं पानें बारीक दलांचीं असल्यामुळें वर्गांतील बहुतेक मुलें दोहोंस बाभूळच म्हणतात. परंतु बाभळीची साल काळसर व खोल भेगांची, तर हिवराची फिकट, पांढुरकी असते, इतकें पाहिलें म्हणजे घोटाळा उरत नाहीं. कडुनिंबाचें पान एकदांच विभागलेलें व बकाणाचें दोनदां, हा भेदहि तसाच सोपा आहे. असें नीट पाहण्याची संवय ज्यांनीं जन्मभर जोपासली, त्या विल्यम केरी यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

केरी यांचा जन्म इंग्लंडांत पॉलर्सपरी या खेड्यांत १७ ऑगस्ट १७६१ रोजीं झाला. वडील प्रथम विणकर व पुढें गांवचे शिक्षक होते. कॅनडाहून परतलेले चुलते माळीकाम करीत. त्यांच्या सहवासांत मुलास झाडांचा नाद लागला. त्याची खोली पानें, फुलें व किडे यांनीं भरलेली असे. एकदां झाडावरून पडून तो जायबंदी झाला. बरा होतांच त्याच झाडावर चढून आला, असें चरित्रकार सांगतात. त्याच्या अंगास ऊन सोसत नसे, म्हणून शेतकाम सोडून तो जोडे शिवण्याचें काम शिकूं लागला. तें करीत असतांनाच लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषांचा अभ्यास त्यानें स्वतःच्या हिंमतीवर केला.

१७९३ च्या नोव्हेंबरांत केरी मिशनरी म्हणून कलकत्त्यास उतरले. ज्यांस इंग्लंडांतलें ऊन सोसत नव्हतें, त्यांनीं बंगालच्या उन्हांत चाळीस वर्षें काढलीं; ते स्वदेशीं पुन्हां गेलेच नाहींत. आरंभीं निळीच्या कारखान्यावर काम करीत असतांना, १७९४ सालीं, त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर वारला व पुढें पत्नीचें चित्त भ्रमिष्ट झालें. अशा दुःखांतहि त्यांनीं अभ्यास व बागकाम सोडलें नाहीं.

१८०० सालीं ते हुगळीकांठच्या श्रीरामपुरास राहावयास गेले व तेथें त्यांनीं सुमारें पांच एकरांची बाग लाविली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत ते बंगाली, संस्कृत व आपली मराठी शिकवीत. पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें त्यांनीं १८०५ त मराठी व्याकरण व १८१० त मोडी अक्षरांत मराठी कोश छापिला. शब्द आणि झाड या दोहोंकडे त्यांची दृष्टि एकच होती: आधीं वस्तु पाहावी, मग नांव द्यावें.

कलकत्त्याच्या सरकारी बागेचे अधिकारी डॉ. रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही होते. त्या बागेंतील सुमारें ३५०० वनस्पतींची यादी केरींनीं १८१४ त छापिली, आणि रॉक्सबर्ग यांच्या मृत्यूनंतर त्यांचा हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथ १८३२ त तीन भागांत पूर्ण प्रसिद्ध केला. रॉक्सबर्ग यांनीं एका वृक्षजातीस केरी यांचें नांव दिलें आहे. तो वृक्ष म्हणजे सह्याद्रीच्या जंगलांतला आपला कुंभा. त्याचीं रुंद पानें फांदीच्या टोकाशीं गुच्छानें येतात व गळण्यापूर्वीं लाल होतात. साल जाड, करडी व भेगाळ असते.

११ मार्च १८१२ रोजीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. अनेक वर्षांचीं हस्तलिखितें जळालीं. १८२३ च्या महापुरानें बाग उद्ध्वस्त केली. त्या वेळीं केरी बासष्ट वर्षांचे होते. आगीनंतर त्यांनीं पुन्हां लेखणी धरिली व पुरानंतर पुन्हां रोपें लाविलीं. १८२० त त्यांनीं शेतकी व बागाईत यांच्या सुधारणेसाठीं एक मंडळहि स्थापिलें होतें. ९ जून १८३४ रोजीं श्रीरामपूर येथेंच त्यांचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, दूर देशांतून आलेल्या या गृहस्थांनीं आपल्या देशचीं झाडें ओळखलीं. आपणांस मात्र बांधावरचा हिवर परका वाटतो, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें. आज घरीं जातांना वाटेवरचें एक झाड निवडा. पान पाहा, सालीवर हात फिरवा, आणि त्याचें नांव आजी-आजोबांस विचारा. हीं नांवें सांगणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत.