आईवरचा आळ आणि एक डॉक्टर

मूल नजरेला नजर देत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, माणसांपेक्षा वस्तूंमध्ये अधिक रमते. अशा वेळी घरातली आणि शेजारपाजारची बोटे सर्वप्रथम वळतात ती आईकडे. तिने लक्ष दिले नाही, माया लावली नाही, हा आळ नवा नाही. एकेकाळी तर त्याला वैद्यकशास्त्राचीच मान्यता होती. ज्या डॉक्टरांनी ऑटिझम म्हणजेच स्वमग्नतेचे पहिले प्रसिद्ध वर्णन केले, त्यांच्याच लेखणीने या समजुतीला बळ दिले आणि उतारवयात त्यांनीच भर सभेत पालकांना दोषमुक्त केले. डॉ. लिओ कॅनर हे त्यांचे नाव.

कॅनर यांचा जन्म १३ जून १८९४ रोजी ब्रॉडी शहराजवळच्या एका खेड्यात, ज्यू कुटुंबात झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. आज तो युक्रेनमध्ये आहे. कुटुंब पुढे बर्लिनला आले. तरुण लिओला कवी व्हायचे होते. पण कविता छापायला प्रकाशक मिळेनात, तेव्हा त्यांनी वैद्यकाची वाट धरली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यात वैद्यकीय सेवा बजावून १९२१ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. १९२४ मध्ये ते अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातील यँक्टन येथील सरकारी मनोरुग्णालयात रुजू झाले. कवी म्हणून नाव झाले असते, तर ते जर्मनीतच राहिले असते आणि बहुधा नाझींच्या छळछावणीत संपले असते, याची जाणीव त्यांना पुढे आयुष्यभर होती.

१९२८ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. दोन वर्षांनी तेथील बालरुग्ण विभागात मुलांच्या मनोविकारांसाठी स्वतंत्र सेवा सुरू झाली आणि तिची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९३५ मध्ये त्यांचा बालमानसोपचारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्रजीतील या विषयाचे ते पहिले पाठ्यपुस्तक मानले जाते.

दुर्बलांच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य कॅनर यांच्याकडे होते. मेरीलँडमधील एका सरकारी संस्थेतून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुली व स्त्रियांना न्यायालयाच्या आदेशाने सोडवून आणायचे आणि श्रीमंत घरांत फुकटात राबवून घ्यायचे, असा प्रकार अनेक वर्षे चालला होता. कॅनर यांनी तो १९३७ मध्ये उघडकीस आणला. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना दयामरण द्यावे, असा प्रस्ताव १९४२ मध्ये अमेरिकेतील एका नामवंत मज्जाविकारतज्ज्ञाने मानसोपचाराच्या नियतकालिकात मांडला, तेव्हा त्याच अंकात त्याचा प्रतिवाद करणारे कॅनरच होते. युरोपातील अनेक ज्यू डॉक्टरांना अमेरिकेत आणून त्यांचे प्राण वाचवण्यातही त्यांचा वाटा होता.

स्वमग्नतेची कहाणी सुरू झाली ती एका पत्राने. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावातल्या एका वकिलाने आपल्या मुलाविषयी ३३ पानांचे टंकलिखित पत्र पाठवले. पाच वर्षांच्या डोनाल्ड ट्रिपलेटची स्मरणशक्ती विलक्षण होती. वस्तू गरागरा फिरवण्यात तो रमून जाई; पण आईवडील आले-गेले याची त्याला दखल नसे. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला संस्थेत ठेवण्यात आले होते. मात्र १९३८ मध्ये पालकांनी तो सल्ला झुगारून मुलाला घरी आणले आणि त्याच वर्षी बाल्टिमोरला दाखवले. अशी आणखी मुले पुढे कॅनर यांच्याकडे आली. १९४३ मध्ये त्यांनी ११ मुलांचा, म्हणजे आठ मुलगे व तीन मुलींचा, सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

ही मुले जन्मतःच इतरांशी भावनिक नाते जोडण्याची क्षमता कमी घेऊन येतात, असा निष्कर्ष त्या निबंधात होता. पण त्याच निबंधात पालकांविषयीही एक निरीक्षण होते. या मुलांच्या आईवडिलांत मनापासून मायाळू म्हणावे असे थोडेच आहेत, असे कॅनर यांना वाटले. ११ पैकी चार वडील मानसोपचारतज्ज्ञ, नऊ माता पदवीधर. एवढ्या दूरच्या नामांकित तज्ज्ञापर्यंत पोहोचणे शिकलेल्या, सुस्थितीतील कुटुंबांनाच शक्य होते, हे तेव्हा ध्यानात घेतले गेले नाही. आणखी विपरीत म्हणजे, पालकांनी लिहून दिलेल्या बारीकसारीक नोंदी हाही त्यांच्या अतिरेकी काटेकोरपणाचाच पुरावा ठरला. ज्या पत्रामुळे नव्या विकाराचा शोध लागला, तेच पत्र लिहिणाऱ्याच्या विरोधात गेले.

१९४९ च्या निबंधात कॅनर याही पुढे गेले. फ्रीजमध्ये नीटनेटकी ठेवलेली, कधी ऊब न मिळालेली मुले, अशी उपमा त्यांनी वापरली. वृत्तपत्रे-साप्ताहिकांनी ती उचलली आणि रेफ्रिजरेटर मदर हा शब्दप्रयोग रूढ झाला. शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी तर आईच्या नकारातूनच स्वमग्नता उद्भवते, असे प्रतिपादन केले. परिणामी मुलांना घरापासून तोडून संस्थांत ठेवले गेले आणि मातांच्या वाट्याला वर्षानुवर्षे अपराधी भावना आली. आश्चर्य असे की, अतिउत्साही मानसशास्त्रज्ञांपासून मातांचा बचाव करणारे इन डिफेन्स ऑफ मदर्स हे पुस्तक कॅनर यांनीच १९४१ मध्ये लिहिले होते.

या समजुतीला तडा दिला तो एका पालकानेच. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांचा मुलगा स्वमग्न होता. उपलब्ध संशोधन तपासून त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहिले आणि स्वमग्नतेचे मूळ जैविक आहे, अशी मांडणी केली. त्या पुस्तकाला प्रस्तावना होती कॅनर यांची. पुढे १९६९ मध्ये वॉशिंग्टनला स्वमग्न मुलांच्या पालकांच्या राष्ट्रीय संघटनेची सभा भरली. ७५ वर्षांच्या कॅनर यांनी तेथे पालकांना माणूस म्हणून निर्दोष ठरवले. सभागृह उठून उभे राहिले. आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला, असेही ते म्हणाले. स्वतःच्या उपमेची पूर्ण जबाबदारी त्यांनी घेतली नाही, हेही नोंदवायला हवे.

मात्र संशोधक म्हणून त्यांनी एक हिशेब चुकता केला. त्या ११ मुलांचे पुढे काय झाले, याचा शोध घेऊन १९७१ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. सरकारी संस्थांत बंदिस्त झालेली मुले खुरटून गेली होती. डोनाल्ड मात्र काही वर्षे एका शेतकरी दांपत्याकडे राहून घरी परतला, महाविद्यालयातून पदवीधर झाला आणि गावच्या बँकेत नोकरी करू लागला. पुढे तो मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, देशोदेशी एकटा हिंडला. २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, आपल्याच गावात त्याचे निधन झाले. कुटुंबाने आणि गावाने त्याला आपला मानले होते.

कॅनर एप्रिल १९८१ मध्ये निवर्तले. त्याआधीच, १९७७ मध्ये, ब्रिटनमधील जुळ्या मुलांच्या अभ्यासाने स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचे दाखवून दिले होते. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेला स्थान मिळाले. तरीही आईला जाब विचारण्याची सवय घराघरांतून पुरती गेलेली नाही. आजही निदानाची सुरुवात होते ती मुलाच्या बालपणाविषयी आईवडिलांनी दिलेल्या माहितीवरूनच. डोनाल्डच्या वडिलांच्या त्या ३३ पानांचे मोल तेव्हाही तेवढेच होते. ते मानायला शास्त्राला पाव शतक लागले.