समजून घ्या : ऑपरेटर का चुकतो? आठ दशकांपूर्वी उत्तर शोधणारे केनेथ क्रेक

कुपवाड औद्योगिक वसाहत असो की जगातला कुठलाही कारखाना, रात्रपाळीत काही बिघडले की पहिला ठपका ऑपरेटरवर येतो. ‘मानवी चूक’ असा शेरा पडला की चौकशी अनेकदा तिथेच थांबते. पण ती चूक झाली कशी? हा प्रश्न प्रयोगशाळेत नेणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे केनेथ क्रेक.

कोण होते क्रेक?

त्यांचा जन्म १९१४ चा, स्कॉटलंडमधला. एडिनबरा विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतले. मात्र हात यंत्रांत रमायचे. वाफेची चिमुकली इंजिने ते स्वतः बनवत. पुढे केंब्रिजमध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांच्याकडे संशोधन करून १९४० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

नकली कॉकपिट, खऱ्या चुका

दुसऱ्या महायुद्धात थकलेल्या वैमानिकांच्या चुका जिवावर बेतत होत्या. क्रेक यांनी स्पिटफायर विमानाच्या धर्तीवर प्रयोगशाळेतच कॉकपिट उभारले. त्यात वैमानिकांना तासन्‌तास बसवून नोंदी घेतल्या गेल्या. थकलेला वैमानिक कृती बरोबर करायचा, पण वेळ चुकवायचा. समोरच्या काट्यांवर नजर खिळायची आणि कडेचा इंधनाचा काटा नजरेतून सुटायचा. विशेष म्हणजे, आपले काम घसरले आहे हे त्याच्या लक्षातही येत नसे.

डोक्यातले छोटे जग

१९४३ मध्ये ‘द नेचर ऑफ एक्स्प्लनेशन’ हे त्यांचे पुस्तक आले. माणूस बाहेरच्या जगाची एक छोटी प्रतिकृती डोक्यात बाळगतो, पुढे काय होईल ते तिच्यात आधी चालवून पाहतो आणि मग कृती करतो, हा त्याचा गाभा. भरती-ओहोटीचे अंदाज बांधणारे यंत्र जसे समुद्राची नक्कल करते, तसेच हे. यंत्र चालवणारा माणूस सलग नव्हे, तर साधारण अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या टप्प्यांनी दुरुस्त्या करतो, हेही त्यांनी मांडले.

३१ व्या वर्षी अंत

१९४४ मध्ये केंब्रिजमधील उपयोजित मानसशास्त्र केंद्राचे ते पहिले संचालक झाले. युरोपातील युद्धविजय साजरा होण्याच्या आदल्या दिवशी, ७ मे १९४५ रोजी, एका मोटारीचे दार त्यांच्या सायकलला लागून अपघात झाला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. ऑपरेटरविषयीचे त्यांचे लेख १९४७-४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे काय झाले?

१९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच राहिली. पॅनेलवरचा दिवा मात्र झडपेची खरी स्थिती नव्हे, तर ती बंद करण्याचा आदेश गेला एवढेच दाखवत होता. ऑपरेटरच्या डोक्यातले चित्र आणि प्रत्यक्ष यंत्र यांची फारकत झाली. त्यांनी थंड करणारे पाणीच कमी केले. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑपरेटरच्या विचारप्रक्रियेची नक्कल करणारे संगणक-प्रारूप तयार झाले. अपघाताचे प्रसंग त्याला देऊन माणूस कुठे फसेल, हे आधीच तपासण्याचा तो प्रयत्न होता.

आपल्या कारखान्यासाठी अर्थ काय?

चूक कोणाची, एवढ्यावर चौकशी थांबवून भागत नाही. पाळीचा कितवा तास होता, पॅनेल काय दाखवत होते, कुठला काटा कडेला होता, हेही विचारावे लागते. नाहीतर माणूस बदलतो, चूक तीच राहते.