मार्शल, मदत आणि युरोपची फाळणी

जगाच्या पाठीवर कोठेही आर्थिक संकट कोसळले, की त्या देशासाठी एखादी मार्शल योजना हवी, अशी मागणी होते. मागणी करणाऱ्यांना बहुधा अपेक्षित असतो तो केवळ पैसा. परंतु मूळच्या योजनेत पैशाबरोबर अटी आल्या होत्या, त्या अटींमधून एक सीमारेषा उमटली आणि ती युरोपच्या नकाशावर चार दशके टिकून राहिली. ज्यांच्या नावाने हे घडले ते जॉर्ज कॅटलेट मार्शल ना अर्थशास्त्रज्ञ होते, ना मुरब्बी राजकारणी. ते हाडाचे सैनिक होते. शीतयुद्ध ही दोन विचारसरणींची अटळ टक्कर होती, असे मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मार्शल यांचे चरित्र पाहू गेल्यास मात्र असे आढळते, की या टकरीचा बराचसा भाग कोळसा, गहू आणि डॉलर यांच्या हिशेबातून निर्माण झाला.

मार्शल यांचा जन्म ३१ डिसेंबर १८८० रोजी पेनसिल्व्हेनियातील युनियनटाऊन या गावी झाला. वडील कोकच्या भट्ट्यांच्या धंद्यातले. पुढे जमिनीच्या सट्ट्यात त्यांना मोठी खोट बसली आणि घरची सुबत्ता ओसरली. मुलाने १९०१ साली व्हर्जिनियाच्या लष्करी विद्यालयातून पदवी घेऊन सैन्यात प्रवेश केला. प्रत्यक्ष रणांगणावर मोठी फौज चालविण्याची संधी त्यांना कधी मिळालीच नाही. त्यांचे कसब हिशेबाचे: किती माणसे, किती गाड्या, किती शिधा, कोणत्या रात्री, कोणत्या रस्त्याने. १९१८ साली फ्रान्समध्ये म्यूज-आर्गोनच्या चढाईपूर्वी काही लाख सैनिक रात्रीच्या अंधारात हलविण्याची आखणी त्यांनी केली आणि ते वरिष्ठांच्या नजरेत भरले. १ सप्टेंबर १९३९ रोजी, हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या त्याच दिवशी, त्यांनी सेनाप्रमुखपदाची शपथ घेतली. त्या वेळी अमेरिकेच्या सैन्यात दोन लाखही माणसे नव्हती. १९४५ साली हा आकडा ऐंशी लाखांच्या वर गेला होता. नॉर्मंडीच्या मोहिमेचे सेनापतिपद त्यांनी मागितले असते तर त्यांना मिळाले असते. त्यांनी ते मागितले नाही, आणि रूझवेल्ट यांनी आयसेनहॉवर यांची निवड केली.

युद्ध संपताच निवृत्त झालेल्या मार्शल यांना अध्यक्ष ट्रूमन यांनी डिसेंबर १९४५ मध्ये चीनला धाडले. च्यांग कै-शेक आणि माओ यांच्यात समेट घडवून आणण्याचे ते काम होते. जानेवारी १९४६ मध्ये युद्धविराम झाला, परंतु मांचुरियाच्या प्रश्नावर तो फुटला आणि वर्षभराने मार्शल रिकाम्या हाताने परतले. या अपयशातून त्यांनी एक गोष्ट मात्र पक्की ओळखली. जे सरकार स्वतःचे घर सावरू इच्छीत नाही, त्याच्या पदरात कितीही डॉलर ओतले तरी ते वाहून जातात. मदत घेणाऱ्यांनी आधी आपली योजना आपण आखावी, हा आग्रह युरोपच्या वेळी त्यांनी का धरला, याचे उत्तर मला चीनमधील त्या वर्षात दिसते.

जानेवारी १९४७ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि मार्चमध्ये जर्मनीच्या भवितव्याची चर्चा करण्यासाठी मॉस्कोला गेले. सहा आठवडे बैठका चालल्या. सोव्हिएत रशियाची दहा अब्ज डॉलरच्या नुकसानभरपाईची मागणी होती, आणि सुमारे पावणेतीन कोटी माणसे गमावलेल्या देशाने ती करणे स्वाभाविकही होते. अमेरिका व ब्रिटन यांची अडचण वेगळी होती. जर्मनीने चालू उत्पादनातून भरपाई द्यायची, तर जर्मनांना जगविण्याचा खर्च वॉशिंग्टन आणि लंडन यांच्या माथी येणार. म्हणजे एका खिशातून काढलेला पैसा मॉस्कोच्या दुसऱ्या खिशात जाणार. याच सुमारास, १२ मार्च रोजी, ट्रूमन यांनी ग्रीस व तुर्कस्तान यांच्यासाठी चाळीस कोटी डॉलर मागून साम्यवादविरोधी धोरण जाहीर केले होते. १५ एप्रिलच्या रात्री मार्शल स्टॅलिनना भेटले. स्टॅलिन शांत होते, घाई कशाला असा त्यांचा सूर होता. त्या शांतपणानेच मार्शल अस्वस्थ झाले. युरोप आपल्या भाराने कोसळण्याची वाट हे गृहस्थ पाहत आहेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

त्या हिवाळ्यात युरोपची अवस्था खरोखरीच तशी होती. १९४६-४७ च्या थंडीने ब्रिटनमध्ये कोळशाअभावी कारखाने बंद पाडले, फ्रान्समध्ये गव्हाचे पीक मारले. ५ जून १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठात मार्शल यांनी जे पंधरा मिनिटांहूनही लहान भाषण केले, त्यातील आर्थिक निदान आजही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. शेतकऱ्याजवळ धान्य आहे, पण ते विकून मिळणाऱ्या नोटांनी शहरात विकत घेण्याजोगे काही मिळत नाही. म्हणून तो धान्य गुरांना घालतो, नाही तर शेत पडीक ठेवतो. शहरे उपाशी राहतात, सरकार उरलेसुरले परकीय चलन धान्यावर खर्च करते, आणि कारखान्यांसाठी यंत्रे व कच्चा माल आणायला डॉलर उरत नाहीत. म्हणजे पुन्हा शेतकऱ्याला देण्यासाठी माल नाही. शहर आणि खेडे यांच्यामधील श्रमविभागणीच मोडली होती. या निदानात विल्यम क्लेटन यांच्या टिपणाचा आणि जॉर्ज केनन यांच्या सल्ल्याचा वाटा मोठा होता, परंतु ते उचलून धरण्याची हिंमत मार्शल यांची.

भाषणात रशियाला वगळलेले नव्हते. हे आमंत्रण प्रामाणिक होते काय? माझ्या मते ते खोटे नव्हते, पण ते स्वीकारले जाईल अशी अपेक्षाही नव्हती. दार उघडे ठेवायचे, मात्र आत येणाऱ्याने आपली आर्थिक माहिती खुली करावी आणि सर्वांनी मिळून एकच कार्यक्रम आखावा, अशी अट घालायची. नियोजन हे राज्याचे गुपित मानणाऱ्या राजवटीला ती मानवणे कठीण होते. दार कोणी लावून घेतले, याचा दोष मॉस्कोच्या माथी पडावा, हा हेतू केनन यांच्या सल्ल्यात स्पष्ट होता.

तरीही मॉस्कोने प्रथम विचार केला, हे विसरून चालणार नाही. अर्थशास्त्रज्ञ वर्गा यांनी असे मत दिले होते, की अमेरिकेला मंदीची भीती वाटते, म्हणून माल खपविण्यासाठी तिला कर्जे देणे भागच आहे. मोलोटोव्ह सुमारे शंभर सल्लागार घेऊन पॅरिसला आले. प्रत्येक देशाने आपली गरज स्वतंत्रपणे सांगावी, एवढेच त्यांना मान्य होते. ब्रिटनचे बेव्हिन आणि फ्रान्सचे बिदो संयुक्त कार्यक्रमावर अडून बसले, आणि २ जुलै रोजी मोलोटोव्ह निघून गेले. खरी शोकांतिका घडली ती प्रागमध्ये. चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने, त्यातील कम्युनिस्ट मंत्र्यांसह, आमंत्रण स्वीकारले होते. पंतप्रधान गोटवाल्ड आणि परराष्ट्रमंत्री यान मासारिक यांना मॉस्कोत बोलावून घेण्यात आले, आणि १० जुलै रोजी प्रागने होकार मागे घेतला.

पुढचे सारे भराभर झाले. सप्टेंबरात कॉमिनफॉर्मची स्थापना झाली आणि झ्दानोव्ह यांनी जग दोन छावण्यांत विभागल्याचे घोषित केले. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली. मार्चमध्ये मासारिक यांचा मृतदेह परराष्ट्र खात्याच्या अंगणात सापडला. अमेरिकन काँग्रेसमधील कंजूष सभासदांचे मन वळविण्याचे जे काम मार्शल यांच्या दौऱ्यांनी पुरते साधले नव्हते, ते या घटनेने केले. ३ एप्रिल रोजी विधेयकावर ट्रूमन यांची सही झाली. जूनमध्ये पश्चिम जर्मनीत नवे मार्क चलन आले, आणि त्यापाठोपाठ २४ जूनला रशियाने बर्लिनचे रस्ते व लोहमार्ग रोखले. शहराला जवळजवळ वर्षभर विमानांनी पुरवठा करावा लागला. एका चलनसुधारणेने महायुद्धाच्या उंबरठ्यापर्यंत जग यावे, हे चलनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत कोठे लिहिलेले नसते!

१९५१ अखेर सुमारे तेरा अब्ज डॉलर दिले गेले, बहुतांश अनुदान म्हणून. मिळालेल्या मालाच्या किमतीएवढे स्थानिक चलन त्या त्या सरकारने वेगळ्या निधीत ठेवायचे आणि अमेरिकेच्या संमतीने खर्चायचे, अशी व्यवस्था होती. हा निधी त्या देशांच्या मालकीचा होता. पीएल-४८० खाली आपण जो गहू घेतला त्याच्या रुपयांची मालकी मात्र अमेरिकेकडे राहिली, आणि तो डोंगर उतरविण्यासाठी १९७४ साली १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश त्या देशाला भारताच्या स्वाधीन करावा लागला. मदत आणि मदत यांत असा फरक असतो. या योजनेनेच युरोप वाचला, हेही निर्विवाद नाही. ॲलन मिलवर्ड या इतिहासकाराने १९८४ मध्ये दाखवून दिले, की पुनरुत्थान १९४७ पूर्वीच सुरू झाले होते, अडले होते ते डॉलरच्या टंचाईने. मला हे म्हणणे बरेचसे पटते. पण टंचाईने अडलेल्या माणसाला ती दूर करणारा हात क्षुल्लक वाटत नाही, हेही तितकेच खरे.

मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर जानेवारी १९४९ मध्ये मार्शल यांनी पद सोडले. कोरियाच्या युद्धात वर्षभर ते संरक्षणमंत्री होते, आणि मॅकआर्थर यांच्या बडतर्फीला त्यांनी संमती दिली. त्याची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली. जून १९५१ मध्ये सिनेटर मॅकार्थी यांनी चीन कम्युनिस्टांच्या हाती गेल्याचे खापर त्यांच्यावर फोडून त्यांना देशद्रोह्यांच्या पंक्तीला बसविले. ज्यांच्या योजनेला मॉस्कोने साम्राज्यशाहीचे हत्यार ठरविले, त्यांनाच वॉशिंग्टनमध्ये साम्यवाद्यांचा हस्तक म्हटले गेले. मार्शल यांनी उत्तर दिले नाही. डिसेंबर १९५३ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक स्वीकारण्यासाठी ते ऑस्लोला गेले, तेव्हा सभागृहाच्या सज्जातून कम्युनिस्टांनी निषेधाची पत्रके खाली फेकली.

आठवणी लिहिण्यासाठी प्रकाशकांनी देऊ केलेली मोठी रक्कम त्यांनी नाकारली. १६ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. आपली अंत्ययात्रा साधी असावी, गौरवपर भाषणे होऊ नयेत, असे त्यांनी लिहून ठेवले होते आणि त्याप्रमाणे आर्लिंग्टन येथे त्यांना मूठमाती देण्यात आली.