आशियातलं पहिलं हृदयरोपण परळच्या केईएममध्ये झालं, पण खरी लढाई ऑपरेशननंतरची होती

डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय बदललं आणि जगभरच्या पेपरांत हेडलाइन झाली. त्यानंतर अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये एका तरुण रुग्णाच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलं गेलं. जगातलं हे सहावं हृदयरोपण आणि आशियातलं पहिलं. ते करणारे जगातले चौथे सर्जन म्हणजे डॉ. प्रफुल्ल कुमार सेन.

सेन यांचा जन्म १९१५ सालचा. घर बंगाली, पण डॉक्टर झाले मुंबईच्या जी.एस. मेडिकल कॉलेजात आणि कारकीर्द गेली शेजारच्या केईएममध्ये. महापालिकेचं हॉस्पिटल असल्यामुळे तिथे गिरणगावातले कामगार यायचे, तसे रेल्वे पकडून आलेले नाशिक-साताऱ्याकडचे शेतकरीही. त्यांच्यातल्या कित्येकांना जडलेला रोग आता श्रीमंत देशांत जवळपास दिसत नाही.

लहानपणी घसा दुखतो. एका जिवाणूचा संसर्ग असतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध हत्यारं तयार करते. गडबड अशी, की त्या जिवाणूचे काही भाग आपल्या हृदयाच्या झडपेसारखे दिसतात. घसा बरा होतो, पण शरीराचे सैनिक आपल्याच झडपेवर तुटून पडतात. हा संधिवाताचा ताप. काही वर्षांनी झडप जाड होऊन आकसते आणि ऐन तारुण्यात माणसाला जिना चढताना धाप लागते. १९५० च्या दशकात सर्जन धडधडत्या हृदयात बोट घालून ही चिकटलेली झडप मोकळी करायचे. सेन यांनी अशाच ऑपरेशनांपासून भारतातल्या हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला.

दुसरं दुखणं महाधमनीचं. हृदयातून निघणाऱ्या या मुख्य नळीला सूज येते, ती अरुंद होते आणि विशी-तिशीतल्या पेशंटचं, त्यातही बायकांचं, ब्लडप्रेशर भयंकर वाढतं. इथेही प्रतिकारशक्तीच आपल्या रक्तवाहिनीवर उलटलेली असते. सेन आणि पॅथॉलॉजिस्ट डॉ. किणरे यांच्या टीमने अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, १९६३ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं आणि पुढे त्यावर आख्खं पुस्तक काढलं. हृदयरोपणाच्या गाजावाजात त्यांचं हे काम झाकलं गेलं. खरं तर तेच जास्त टिकाऊ ठरलं.

त्यांचा सगळ्यात भन्नाट प्रयोग मात्र सापावरून सुचलेला. सापाच्या हृदयाच्या स्नायूला बरंचसं रक्त आतल्या कप्प्यातूनच थेट झिरपून मिळतं. आपल्याला ते बाहेरच्या धमन्यांतून मिळतं, म्हणून धमनी तुंबली की हार्ट अटॅक येतो. मग माणसाच्या हृदयाला सुईने भोकं पाडून सापाची सोय करून दिली तर? सेन यांनी कुत्र्यांवर हे करून पाहिलं आणि १९६५ मध्ये ‘ॲक्युपंक्चर’ हा शब्द वापरून निबंध छापला. पण जखम दिसली की प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे पोचतात, मेलेला भाग साफ करतात आणि मागे वण भरून येतो. हार्ट अटॅकनंतर हृदय फाटू नये म्हणून शरीर नेमकं हेच करतं. इथे त्याच दुरुस्तीने सर्जनने मुद्दाम पाडलेली भोकंही बुजवून टाकली! पुढे अमेरिकेत हीच कल्पना लेझरने वापरली गेली. तिथेही भोकं बुजतात, तरी काही रुग्णांच्या छातीतलं दुखणं कमी होतं. जखम भरताना आसपास नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटत असाव्यात, असा त्यामागचा एक तर्क आहे.

आता पुन्हा १९६८. फेब्रुवारीतला तो रुग्ण काही तासांतच गेला. सप्टेंबरमध्ये सेन यांनी दुसऱ्यांदा हृदय बदललं, तो रुग्णही एक दिवस पुरा करू शकला नाही. परकं हृदय ओळखून प्रतिकारशक्ती त्यावर पूर्ण ताकदीने हल्ला चढवते त्याला सहसा काही दिवस लागतात. परळमध्ये गोष्ट तिथवर पोचलीच नाही. जिथे पोचली तिथेही फार वेगळं घडलं नाही. बर्नार्ड यांचा पहिला रुग्ण १८ व्या दिवशी न्यूमोनियाने गेला, कारण हृदय टिकावं म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून टाकलेली होती. त्या एका वर्षात जगभरात शंभरच्या वर हृदयं बदलली गेली. बहुतेक रुग्ण काही महिन्यांत दगावले आणि एकेका हॉस्पिटलने हात आखडता घेतला.

केईएममध्येही त्यानंतर कित्येक वर्षं तिसरं रोपण झालं नाही. भारतात तेव्हा मेंदूमृत्यूचा कायदाच नव्हता, त्यामुळे धडधडतं हृदय काढून घेणं सर्जनसाठी केवढी जोखीम असेल याची कल्पना करा. सरकारने १९६९ मध्ये सेन यांना पद्मभूषण दिलं.

जुलै १९८२ मध्ये सेन यांचं निधन झालं. मातीतल्या बुरशीपासून मिळालेलं सायक्लोस्पोरिन हे औषध अमेरिकेत मंजूर झालं १९८३ मध्ये. प्रतिकारशक्तीला पार आडवं न करता परक्या हृदयाशी जमवून घ्यायला लावणारं हे पहिलं भरवशाचं औषध. अवयवरोपणाचा कायदा आला १९९४ मध्ये आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये भारतातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण झालं. मुंबईला मात्र त्यासाठी ऑगस्ट २०१५ पर्यंत थांबावं लागलं. त्या वेळी हृदय पुण्याहून, ग्रीन कॉरिडॉर करून आणलं होतं.