अंगणातली शाळा

मुलांनो, आपल्या वाशीम जिल्ह्यात गावोगावी अंगणवाडी आहे. अंगण म्हणजे उर्दूतला सेहन. अशा अंगणात लहान मुलांची शाळा भरवली ताराबाई मोडक यांनी.

त्यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. मुली फारशा शिकत नसत, त्या काळात १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. लग्नानंतर काही काळ त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला होत्या. पुढे गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. छडीशिवाय मूल शिकत नाही, असे तेव्हा लोक मानत. या दोघांना ते मान्य नव्हते.

१९४५ साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेथे त्यांनी बालवाडी काढली. पण गरीब वस्तीतली मुले येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी, कोणी गुरे राखी. दुसरे कोणी असते तर मुलांनाच आळशी म्हटले असते! ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ वस्तीतच गेल्या. मुलांना आंघोळ घातली, नखे कापली, अंगणात बसवून गाणी शिकवली. महागडी साधने नव्हती. खडे, शिंपले, पाने, बिया मोजत मुले अंक शिकली. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुराखी मुलांसाठी कुरणातच शाळा भरे.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. दोन वर्षांनी सरकारने देशात लहान मुलांसाठी योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव दिले, अंगणवाडी.